हेवी लायसन्स किती दिवसांत मिळते?

गेल्या महिन्यात खालाच्या धाकट्या मुलाचा फोन आला. वय २१, बारावी पास, दोन वर्षे कल्याणला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. इकडतिकडचे काही न बोलता त्याने विचारले, "भाईजान, हेवी लायसन्स किती दिवसांत निघतं? एक एजंट पंधरा दिवसांत काढून देतो म्हणतोय. भिवंडीत गाडी उभी आहे, शेठकडे ड्रायव्हर नाही. थोडे पैसे कमी पडतायत."

पैसे देणे सोपे होते. पण या मुलाने आजवर बाइकशिवाय काही चालवलेले नाही. मी त्याला दोन दिवस थांबायला सांगितले आणि माहिती काढायला बसलो. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. मालवाहतूक करणाऱ्यांसाठी प्रोग्रॅम लिहिणे हा माझ्या कामाचा एक भाग. आमच्या स्क्रीनवर ट्रक म्हणजे नकाशावरचा एक ठिपका. ठिपका पडघ्याहून निघाला की नाशिकला किती वाजता पोहोचेल ते आम्ही मिनिटात सांगतो. त्या ठिपक्यात बसलेला माणूस कुठून येतो आणि कसा तयार होतो, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता. घरचाच मुलगा तिथे बसायला निघाला, तेव्हा पडला.

काम आहे, हे त्याचे म्हणणे खरे आहे. भिवंडीत यंत्रमागाचा खडखडाट कमी होत गेला आणि मानकोली, पूर्णा, काल्हेर, दापोडे, वळपासून पडघ्यापर्यंत गोदामे उभी राहिली. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा रस्ता आता भिवंडी तालुक्यात येऊन थांबतो. न्हावा शेवाकडे जाणारे कंटेनर शिळफाट्यावर आणि मुंब्रा बायपासवर रात्रंदिवस रांगेत असतात. या सगळ्या गाड्यांना ड्रायव्हर लागतात, आणि आपल्या मोहल्ल्यांत काम शोधणारी तरुण मुले आहेत. मग पंधरा दिवसांत जमत असेल तर काय वाईट?

वाईट हे की ते जमत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ यात हिशेब स्पष्ट आहे. व्यावसायिक वाहन चालवायला वयाची २० वर्षे पूर्ण हवीत. आणि ट्रकच्या शिकाऊ परवान्यासाठी अर्ज करण्याआधी तुमच्याकडे हलक्या मोटार वाहनाचा, म्हणजे कारचा, पक्का परवाना किमान एक वर्ष असला पाहिजे. बाइकचा परवाना इथे मोजत नाहीत. म्हणजे शून्यापासून सुरुवात केली, तर आधी कारचा शिकाऊ परवाना, किमान ३० दिवसांनी चाचणी, मग एक वर्ष, मग ट्रकचा शिकाऊ परवाना, पुन्हा किमान ३० दिवस, ड्रायव्हिंग स्कूलचे फॉर्म ५ चे प्रमाणपत्र, डॉक्टरांचे फॉर्म १ए, आणि मग चाचणी. सगळे वेळच्या वेळी झाले तरी साधारण चौदा महिने. आठवी पास असण्याची जुनी अट मात्र २०१९ मध्ये निघाली. त्यामुळे शाळा अर्धवट सुटलेल्यांनाही हा रस्ता मोकळा आहे.

कारचा परवाना वर्षभर जुना असेल, तर गोष्ट वेगळी. मग दोन-तीन महिन्यांत काम होऊ शकते. सरकारमान्य चालक प्रशिक्षण केंद्रांसाठी २०२१ च्या नियमांनी जड वाहनाचा अभ्यासक्रम ३८ तासांचा, जास्तीत जास्त सहा आठवड्यांचा ठरवला आहे, आणि तिथे पास झालेल्याला आरटीओची वेगळी चाचणी द्यावी लागत नाही. कायद्याने चालणारा झटपट रस्ता एवढाच.

ज्याच्याकडे कारचा परवानाच नाही त्याला पंधरा दिवसांत हेवी लायसन्स काढून देतो म्हणणारा माणूस ओळखीने काम करत नसतो. तो खोटा कागद विकत असतो. आज परवान्याची नोंद देशभराच्या 'सारथी' प्रणालीत असते. पोलीस, विमा कंपनी किंवा गोदामाच्या गेटवरचा माणूस ती मोबाइलवर तपासू शकतो. असा कागद पहिल्या नाक्यापर्यंत टिकतो.

समजा टिकला, आणि अपघात झाला. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणाऱ्या त्याच कलमाच्या दुसऱ्या भागाविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी चाके थांबवली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा तो भाग बाजूला ठेवला गेला. पण परवानाच खोटा असेल, तर निष्काळजीपणाबरोबर फसवणुकीचाही गुन्हा लागतो. विमा कंपनी पीडिताला भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करायला निघते, आणि 'गाडी उभी आहे' म्हणणारा शेठ त्या दिवसापासून ओळख दाखवत नाही. शिवाय अपघातानंतर जमाव आधी ड्रायव्हर शोधतो, मग त्याचे नाव विचारतो. नाव आपले असेल तर पुढे काय होऊ शकते, हे मला इथे लिहून दाखवायची गरज नाही.

तरीही ड्रायव्हरचे काय होईल हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न रस्त्यावरच्या माणसाचा. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात एलबीएस मार्गाजवळच्या गर्दीत एक इलेक्ट्रिक बस घुसली. माणसे गेली, चाळीसहून जास्त जखमी झाली. नंतर सगळीकडे एकच चर्चा होती, अशा मोठ्या ऑटोमॅटिक बसवर बसवण्याआधी चालकाला नेमके किती प्रशिक्षण दिले होते? दोष कुणाचा, ते न्यायालय ठरवेल. पण गाडी बदलली की जुना अनुभवसुद्धा अपुरा पडू शकतो, एवढे त्या रात्रीने दाखवले. मग ज्याला अनुभवच नाही, त्याच्या हातात दहा टायरची भरलेली गाडी देऊन ती कल्याणच्या पत्रीपुलावर, शाळा सुटण्याच्या वेळी आणायची का?

आमच्या शेजारी एक चाचा राहतात. तीस वर्षे त्यांनी भिवंडी–इंदूर ट्रक चालवला. त्यांना विचारले तर म्हणाले, "गाडी पुढे नेणं आठ दिवसांत येतं. गाडी थांबवणं यायला वर्ष लागतं." मग त्यांनी कसारा घाट समजावून सांगितला. भरलेली गाडी इगतपुरीकडून खाली उतरताना नवा ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवून उतरतो. ब्रेक तापतात आणि अर्ध्या घाटात पकड सोडतात. जुना ड्रायव्हर वरच गिअर पाडतो. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरतो. इंजिनच गाडीला धरून ठेवते, ब्रेक वेळेला उरतो. दुसरी गोष्ट त्यांनी डाव्या बाजूची सांगितली. केबिनच्या डावीकडे, चाकाला लागून, ड्रायव्हरला न दिसणारी एक पट्टी असते. घोडबंदर रोडवर खड्डा चुकवणारा बाइकवाला नेमका तिथेच घुसतो. पूर्वी क्लीनर खिडकीतून हात काढून बॉडीवर थाप मारायचा. आता खर्च वाचवायला अनेक गाड्यांवर क्लीनरच नसतो. तिसरी गोष्ट, गोदामाच्या अरुंद गल्लीत रात्री दोन वाजता उलटी गाडी लावणे. यातले ३८ तासांत काही कानावर पडेल, हातात बसायला वेळ लागेल.

मग कायद्याने सांगितलेले ते एक वर्ष कसे काढायचे? घरात पैसा हवा असताना वर्षभर थांबा म्हणणे सोपे आहे, हे मला कळते. पण हे वर्ष रिकामे बसून काढायचे नाही.

६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने रंभा देवी प्रकरणात निकाल दिला. ज्याच्याकडे हलक्या मोटार वाहनाचा परवाना आहे, तो एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहनही त्याच परवान्यावर चालवू शकतो. त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. धोकादायक मालाच्या गाड्यांना ही सवलत नाही. याचा सरळ अर्थ असा की छोटा हत्ती, पिकअप आणि छोटे टेम्पो कारच्या परवान्यावर चालतात. वयाची २० वर्षे पूर्ण असलेल्या मुलाला कारचा परवाना मिळाला, की तो दुसऱ्या महिन्यापासून कमावू शकतो.

म्हणून मी भावाला असा आराखडा करून दिला. आजच कारच्या शिकाऊ परवान्यासाठी अर्ज करायचा आणि चांगल्या स्कूलमध्ये शिकायचे. चाचणीत नापास झाला तर सात दिवसांनी पुन्हा द्यायची, एजंटकडे जायचे नाही. परवाना हाती आल्यावर पहिले दोन महिने एखाद्या टेम्पोवर मदतनीस म्हणून जायचे. माल कसा लावतात, ताडपत्री कशी बांधतात, बिल्टी कशी वाचतात, ठाण्यात अवजड गाड्यांना 'नो एंट्री' कधी असते, हे बघायचे. मग पिकअप हातात घ्यायची. डोंबिवली एमआयडीसीतून माल उचलायचा, कोनगाव, राजनोली नाका, मुंब्रा अशा फेऱ्या मारायच्या. छोट्या गाडीवरची चूक बहुतेक वेळा बंपरवर निभावते. वर्ष झाले की ट्रकचा शिकाऊ परवाना, प्रशिक्षण, चाचणी. आणि पक्के लायसन्स आल्यावरही पहिले काही महिने उस्तादाच्या शेजारी दुसरा ड्रायव्हर म्हणून बसायचे. पुढे रसायनांचा टँकर चालवायचा असेल, तर तीन दिवसांचे वेगळे प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद लागते. तिथे पगार बरा मिळतो, आणि चुकीला माफी सर्वात कमी असते.

आता थोडे आपल्याबद्दल. आपल्या जमाती आणि ट्रस्ट दहावी-बारावीत पहिल्या आलेल्यांचा सत्कार करतात, इंजिनीअरिंग-मेडिकलच्या फीला मदत करतात. मी स्वतः अशा मदतीवर शिकलो आहे. पण ड्रायव्हिंग स्कूलची फी भरायला पैसे नाहीत म्हणून एखादा मुलगा एजंटकडे जातो, तेव्हा आपल्याला ते शिक्षण वाटत नाही. २००६ च्या सच्चर समितीने लिहिले होते की मुस्लिमांत नियमित पगाराच्या नोकरीचे प्रमाण कमी आणि स्वतःच्या छोट्या धंद्यावर जगणाऱ्यांचे जास्त. आपली मोठी संख्या अशा कामांवर जगते, तर त्या कामांचे शिक्षणही नीट झाले पाहिजे. एका मोहल्ल्याने वर्षाला पाच मुलांची प्रशिक्षण फी भरली, त्यांचे डोळे तपासून घेतले आणि निवृत्त ड्रायव्हर चाचांपैकी एकेकाशी एकेक मुलगा जोडून दिला, तर खर्च एका लग्नाच्या मंडपाएवढाही होणार नाही.

मालकांनाही दोन शब्द. 'गाडी उभी आहे' हे तुमचे नुकसान आहे, मान्य. पण दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, हे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच लिहिलेले होते. सलग अठरा तास गाडी चालवून घेणाऱ्या शेठला ड्रायव्हर टिकत नाही. मग त्याला पंधरा दिवसांचा ड्रायव्हर लागतो. जून २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, हे चांगले झाले. झोपेची सोय मात्र अजून मालकाच्या मर्जीवर आहे.

आणि माझ्यासारख्यांनाही. पोहोचण्याची वेळ मोजणारा प्रोग्रॅम आम्ही लिहितो. त्यात जेवणाचा, नमाजीचा, झोपेचा वेळ धरला नाही, तर स्क्रीनवर लाल होणारा ठिपका ड्रायव्हरला ॲक्सिलरेटर दाबायला सांगत असतो. गेल्या आठवड्यात मी आमच्या टीममध्ये हा मुद्दा मांडला. अजून काही ठरलेले नाही. मी पुन्हा मांडणार आहे.

भाऊ आधी नाराज झाला. शेठने गाडी दुसऱ्याला दिली. एजंटला द्यायचे होते त्या पैशांत मी थोडी भर घातली आणि ड्रायव्हिंग स्कूलची फी भरली. त्याचा कारचा शिकाऊ परवाना आला आहे, रोज सकाळी सातला तो शिकायला जातो. परवा म्हणाला, "भाईजान, क्लच अजून सुटतो." मी म्हटले, सुटू दे. चौदा महिने आहेत.