एडवर्ड गेमिंगचे खेळाडू

एडवर्ड गेमिंग हा 'लीग ऑफ लेजेंड्स' या संगणकीय खेळात भाग घेणारा चीनमधील व्यावसायिक ई-स्पोर्ट्स संघ आहे. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी आइसलँडमधील रेक्याविक येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात या संघाने दक्षिण कोरियाच्या गतविजेत्या डॅमवॉन किया संघाचा ३-२ असा पराभव केला.

विजेता संघ

ली शुआनजुन (फ्लँड्रे), झाओ लिजिए (जिएजिए), ली ये-चान (स्काउट), पार्क दो-ह्योन (वायपर) आणि तिआन ये (मेको) या पाच जणांनी हा सामना खेळला. स्काउट व वायपर हे दक्षिण कोरियाचे होते. स्काउट अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

निर्बंध आणि नवे खेळाडू

या विजयाच्या दोन महिने आधी, १ सप्टेंबर २०२१ पासून, चीनमध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या ऑनलाइन खेळावर निर्बंध आले. शुक्रवार, शनिवार, रविवार व सार्वजनिक सुट्ट्यांच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढीच वेळ त्यांना मिळू लागली. व्यावसायिक खेळाडू मात्र किशोरवयातील दीर्घ सरावातून घडतो. मेकोने २०१५ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, याच संघाकडून मिड-सीझन इन्व्हिटेशनल ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती. २०२१ चा विजेता संघ निर्बंधांपूर्वीच्या व्यवस्थेत तयार झालेला होता. पुढच्या पिढीला तो मार्ग तितका मोकळा राहिला नाही.

दुसरीकडे, २०२३ मध्ये हांगचौ येथे झालेल्या आशियाई खेळांत ई-स्पोर्ट्सला पदकांचा दर्जा मिळाला. कांस्यपदक मिळवणाऱ्या चिनी संघात जिएजिए व मेको होते. राष्ट्रीय प्रतिष्ठेसाठी खेळाडू हवेत, पण मुलांनी खेळात वेळ घालवू नये, हा चीनच्या धोरणातील पेच त्यातून दिसतो.