भीतीचीही नोंद हवी

गरोदर बाईचे वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन तपासणीच्या कार्डावर लिहिले जाते. बाळंतपणाची धास्ती मात्र ‘सगळ्याच बायका बाळंत होतात’ असे म्हणून उडवून लावली जाते.

ही धास्ती मोजता येते. स्वीडनमधील संशोधकांनी १९९८ मध्ये मांडलेल्या ‘वाइमा’ प्रश्नावलीत ३३ प्रश्न आहेत. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण १६५. साधारणपणे ८५ किंवा अधिक गुण म्हणजे तीव्र भीती मानली जाते. अशा भीतीचा संबंध लांबणाऱ्या प्रसूतीशी आणि सिझेरियनच्या मागणीशी आढळला आहे.

पण नुसत्या आकड्याने भागत नाही. कुणाला कळांची भीती असते, कुणाला एकटेपणाची, कुणाला प्रसूतिगृहात ओरडा खाण्याची. उपाय त्यानुसार बदलतो. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीवेळी सोबतीण ठेवण्यास केंद्राने २०१६ मध्येच परवानगी दिली. एकटेपणाच्या भीतीवर यापेक्षा स्वस्त औषध नाही. ते प्रत्येक प्रसूतिगृहात मिळायला हवे.

लांबलचक प्रश्नावली गर्दीच्या आरोग्य केंद्रात भरून घेणे अवघड आहे. तरी ‘ताई, कशाची भीती वाटते?’ एवढे नर्सने विचारावे, सासू-नवऱ्यासमोर नव्हे, एकांतात. उत्तर कार्डावर लिहावे आणि प्रसूतिगृहात ते वाचले जावे.