पुसलेली राणी, न काढलेली बाई

राण्यांचे पोवाडे गाणाऱ्यांनो, जरा थांबा. हा हिशेब आमच्या परभणी जिल्ह्यातनं सुरू होतो. पाथरीपासनं.

फरिश्ता लिहितो, अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी. बामण. त्यातला एक पोरगा बहामनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला. त्याचा लेक अहमद, त्यानं १४९० साली स्वतःची गादी मांडली. अहमदचा पोरगा बुऱ्हाण. त्याला बापजाद्यांची पाथरी पाहिजे होती. १५१८ साली वऱ्हाडच्या इमादशहाशी लढून त्यानं ती घेतली. बघा! धर्म सुटला, नाव बदललं, तख्त मिळालं, पण वतन काही सुटलं नाही.

ह्या बुऱ्हाणची सून खुंजा हुमायूं. १५६५ साली तालिकोटची लढाई झाली, आणि त्याच वर्षी तिचा नवरा हुसेन निजामशहा मेला. पोरगा मुर्तजा लहान. आईनं कारभार हाती घेतला, चार वर्षं राज्य हाकलं. सरदारांना खुपलं. आरोप काय, तर भावांना जहागिऱ्या दिल्या. अरे, भावाभाच्यांना न देणारा सरदार तुमच्या कुठल्या बखरीत आहे? १५६९ च्या सुमारास पोटच्या पोरानंच तिला कैदेत टाकलं.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही आफताबी कवीची सचित्र पोथी आहे. त्यात राजासंगं राणी काढलेली होती. बहुतेक चित्रांत तिच्यावर कुणीतरी रंग फासलाय. राज्य केलेली बाई कागदावरसुद्धा सोसवली नाही.

त्याची आम्हाला चीड येते. बाईला पुसणारा हात आणि आम्हाला गावकुसाबाहेर ठेवणारा हात एकाच धडाचे. पण राणीसाठी गळा काढणाऱ्यांनो, पुसायलासुद्धा आधी चित्रात असावं लागतं. महारवाड्यातल्या बाईचं चित्र कुणी काढलं? तिचाही नवरा मेला. तिनंही लहान पोरासाठी कारभार हाकला. दुसऱ्याच्या रानात राबून, दारोदार भाकर मागून. तिला राजमाता म्हणायला कुठला फरिश्ता आला नाही. कुलकर्ण्याच्या दप्तरात तिचा घाम कुठल्या रकान्यात मांडलाय, दाखवा.

आणि आम्ही आमचं एक नाव लिहा म्हटलं, तर काय झालं? १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला. लगेच गावोगाव आमची घरं पेटली, ह्या परभणी जिल्ह्यातही. नाव लागायला १९९४ उजाडलं. सोळा वर्षं! पुसणारे हात पोथीतच राहिलेत असं समजू नका.

राणीवरचा रंग काढा. जरूर काढा. तिचं तोंड आम्हालाही बघायचंय. पण शेजारचं कोरं पान तुमच्या हाती देणार नाही. तिथं आमची आई आम्हीच काढू. तिच्या हातातल्या खुरप्यासकट.