थांबलंय, बिघडलं नाही!

मामंजी गेल्यावर सासूबाईंनी त्यांचं एचएमटी कांचन कपाटात जपून ठेवलं. पण दोन दिवसांतच ते बंद! ‘यांच्यामागे तेही गेलं,’ म्हणत त्या डोळे टिपायच्या. शेवटी मी मेन रोडवरच्या घड्याळजींना दाखवलं. ते हसले. हे ऑटोमॅटिक. हात हलला की आतलं वजन फिरतं, स्प्रिंगला चावी बसते. काढून ठेवलं, की अशी घड्याळं साधारण ४० तास चालतात, मग थांबतात. बिघडत नाहीत. सरकारने २०१६ मध्ये एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं, तरी हे चालूच आहे. मैत्रिणींनो, आठवण काय कुलपात ठेवायची? आता ते सासूबाईंच्या मनगटावर असतं. रोज सकाळी त्या गोदाकाठी चालतात, अन् घड्याळही!