चाकांचे बळ, चिलखताची मर्यादा

मोरोक्कोतील बेरेशीद येथे टाटांचा चिलखती वाहनांचा कारखाना सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. तेथे बनणाऱ्या आठचाकी ‘व्हॅप’ या चिलखती वाहनाच्या विकासात अहिल्यानगरच्या ‘व्हीआरडीई’ या संरक्षण संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. याचा अभिमान जरूर बाळगावा. पण अशा वाहनाला रणगाडा समजू नये.

चाकांवरची वाहने रस्त्यावर वेगाने धावतात, इंधन कमी पितात आणि त्यांची देखभालही सोपी असते. सैनिकांची जलद ने-आण, टेहळणी, गस्त ही त्यांची खरी कामे. चिखलात आणि खंदकांवर मात्र साखळीपट्ट्यांचे वाहनच सरस ठरते. फ्रान्सने २०२३ मध्ये युक्रेनला दिलेल्या सहाचाकी ‘एएमएक्स-१० आरसी’वर १०५ मिलिमीटरची तोफ होती, चिलखत मात्र पातळ होते. मुळात टेहळणीसाठी घडवलेले हे वाहन थेट हल्ल्यात तोफगोळ्यांच्या तुकड्यांपुढेही असुरक्षित ठरले. दोष वाहनाचा नव्हता, त्याला दिलेल्या कामाचा होता.

लडाखचे पठार, राजस्थानची वाळू आणि पंजाबातील कालवे यांच्या गरजा वेगवेगळ्या आहेत. म्हणून आपल्या लष्कराने आधी अशा वाहनांची भूमिका ठरवावी, मग संख्या. स्वदेशी शिक्का हा खरेदीचा एकमेव निकष होऊ शकत नाही.