पेरू कुणी दिला?

हिवाळा आला की लखनौच्या गोमती नगरातल्या हातगाड्यांवर पेरूंचे ढीग लागतात. लाल सालीचा अलाहाबादी सुरखा, पांढऱ्या गराचा सफेदा आणि चांगला वजनदार एल-४९. या फळावरून इथल्या मराठी मंडळींत वाद निघाला, तेव्हा एकजण म्हणाले, "कोलंबसाला हव्या तेवढ्या शिव्या द्या, पण तो गेला नसता तर तुमच्या ताटात मिरची पडली नसती. बटाटा, शेंगदाणा, काजू, पेरू ही सगळी युरोपची देणगी." हे मत त्यांच्या एकट्याचं नाही. शिकल्यासवरल्या घरांत ते सर्रास ऐकू येतं, म्हणून त्याचा नीट समाचार घ्यायला हवा.

त्यातलं खरं आधी मान्य करतो. ही पिकं मूळची अमेरिकेची आहेत आणि मिरची, काजू आपल्याकडे पोर्तुगीज बंदरांतून आले. सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातल्या मंदिरात मूर्तीच्या हाती मक्याचं कणीस आहे, असं सांगून मका आपलाच ठरवणारेही भेटतात. दगडातल्या एका आकारावरून शेतातलं पीक सिद्ध होत नाही. एकादशीच्या फराळातला साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, रताळं, हिरवी मिरची हे सगळं समुद्रापलीकडून आलेलं आहे, आणि हे कबूल केल्याने आपल्या उपासाला कुठलीही बाधा येत नाही.

पण आणून पोचवणारा दाता कसा ठरतो? दक्षिण मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात तेओसिंते नावाचं एक रानगवत उगवतं. त्याला जेमतेम दहा-बारा दाणे, तेही दगडासारख्या कवचात. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्या माणसांनी त्यातलं बरं बियाणं निवडून राखायला सुरुवात केली आणि पिढ्यान् पिढ्यांच्या त्या निवडीतून मक्याचं कणीस घडलं. अँडीज पर्वतात टिटिकाका सरोवराच्या परिसरात रानटी, कडवट कंदांतून बटाटा घडला. रात्रीच्या कडाक्यात गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात वाळवून तो वर्षानुवर्षं टिकवण्याची रीतही तिथलीच. साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्या कसाव्याच्या कडू जातीत सायनाइड तयार होतं. तो किसायचा, विणलेल्या लांब नळीत भरून पिळायचा, मग भाजायचा, ही युक्ती अमेझॉनच्या लोकांनी शोधली. हे ज्ञान आहे, आणि ते घडवणाऱ्यांना आपली पाठ्यपुस्तकं 'रानटी टोळ्या' म्हणून निकालात काढत आली.

ज्यांनी हे घडवलं त्यांच्या वाट्याला काय आलं? १४९२ नंतर हिस्पॅनिओला बेटावरच्या ताइनो लोकांना सोन्याच्या खाणींत आणि शेतांत जुंपलं गेलं. वेठ, उपासमार आणि देवीची साथ यांनी पन्नासएक वर्षांत तो समाज जवळजवळ संपवला. यावर ठरलेलं उत्तर मिळतं, की त्या काळाला आजचं माप लावू नका. ठीक आहे, त्याच काळाचं माप घेऊ. १५११ साली सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये आंतोनियो दे मोंतेसिनोस या स्पॅनिश धर्मोपदेशकाने वसाहतवाल्यांना तोंडावर विचारलं, की ही काय माणसं नाहीत? बार्तोलोमे दे लास कासासचा अत्याचारांचा वृत्तांत १५५२ मध्ये सेव्हिलमध्ये छापला गेला. चाललं आहे ते पाप आहे, हे त्या काळच्या त्यांच्याच माणसांना दिसत होतं.

आणि हे परक्यांचं दुखणं म्हणून सोडून देण्याचा हक्क आपल्याला तर मुळीच नाही. पोर्तुगीज दर्यावर्दी काब्रालचा ताफा एप्रिल १५०० मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला, तोच सप्टेंबरात कालिकतला पोचला आणि वर्ष संपायच्या आत त्याने त्या शहरावर तोफा डागल्या. दहा वर्षांनी अल्बुकर्क या पोर्तुगीज सेनानीने गोवा जिंकलं आणि तिथल्या मुसलमानांची कत्तल केल्याचं स्वतःच आपल्या राजाला कळवलं. ज्या जहाजांतून काजू आला त्याच जहाजांतून हेही आलं.

"पण जहाजं आली नसती तर?" हा त्यांचा शेवटचा आणि सगळ्यात वजनदार मुद्दा. जहाजं हवीच होती. वेठबिगार आणि कत्तल कशाला हवी होती? पॉलिनेशियातल्या मंगाइया बेटावर कोलंबसाच्या आधीच्या थरांत रताळ्याचे जळके अवशेष सापडले आहेत. ते माणसांनी नेलं की लाटांनी, यावर विद्वानांत वाद आहे. पण त्यासाठी कुणी अमेरिका जिंकली नव्हती, यावर नाही. आपल्याकडचंच पाहा. आग्र्यावर पोर्तुगीजांचं राज्य कधी नव्हतं, तरी तिथल्या गुलअफशाँ बागेत दरसाल हजारो अननस पिकत असल्याचं जहांगीर लिहून गेला. तंबाखू अकबराच्या दरबारात नेला तो त्याच्याच दरबारातल्या असद बेगने, विजापुराहून. पुढे याच अवधात हुक्का घराघरांत गुडगुडला. पीक एकदा किनाऱ्याला लागलं की त्याला आत नेणारे व्यापारी, माळी आणि शेतकरी असतात.

गोमती नगरच्या हातगाडीवरचा एल-४९ हा तर माझ्या म्हणण्याचा उत्तम दाखला. त्याचं पूर्ण नाव लखनौ-४९, पण जन्म पुण्याचा. गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्रात १९२७च्या सुमारास डॉ. चीमा यांनी अलाहाबाद सफेद्यातून ही जात निवडली. महाराष्ट्रातले बागायतदार तिला 'सरदार' म्हणून ओळखतात. इथून जवळच, काकोरीकडच्या रहमानखेड्यातल्या केंद्रीय संस्थेने 'ललित' आणि 'श्वेता' या जाती दिल्या. अमेरिकेतल्या अनाम शेतकऱ्यांनी सुरू केलेली निवड पुण्यात आणि लखनौत पुढे चालू राहिली. देणगी म्हणायचंच असेल तर ती या परंपरेची.

त्या परंपरेचे वारस आजही शेती करतात. पेरू देशात कुस्कोजवळ केचुआ लोकांच्या गावांनी मिळून बटाट्याच्या शेकडो देशी जातींचं राखीव क्षेत्र उभं केलं आहे. लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने २००४ मध्ये करार करून त्यांच्याच जातींचं बियाणं त्यांना परत दिलं. देशात सगळ्यात जास्त बटाटा उत्तर प्रदेश पिकवतो. इथल्या शाळांत वास्को द गामाचं नाव पाठ करून घेतात. त्याच पानावर केचुआ शेतकऱ्यांचंही नाव छापलं पाहिजे, आणि आपल्या मराठी पुस्तकांतही.