कागद वाचला, माती वाचली काय?

बड्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल चाळले की एका आशयाची वाक्ये हमखास आढळतात. आम्ही कागद हद्दपार केला, सारा व्यवहार संगणकावर नेला, सबब आम्ही पर्यावरणस्नेही झालो! भागधारक सुखावतो, व्यवस्थापनाची पाठ थोपटली जाते. परंतु या दाव्याची परीक्षा मुंबईच्या काचेच्या इमारतीत घेऊन चालणार नाही. ती वाशिम जिल्ह्याच्या काळ्या मातीतच घ्यावी लागेल.

वाशिमच का? १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा सहा तालुक्यांचा. २०१८ साली केंद्र सरकारने देशभरातील आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातील चारांपैकी हा एक. शेती बहुतांशी पावसाच्या भरवशावर. खरिपात सोयाबीन, तूर, कापूस. येथील सोयाबीन बाजार समितीतून व्यापाऱ्याकडे, तेथून तेलगिरणीकडे जाते आणि तेल व पेंड होऊन देशोदेशींच्या बाजारात पोहोचते. साखळीच्या वरच्या टोकाला संगणकप्रणाली आहे, तर खालच्या टोकाला माती. शाश्वतता खरोखर राखावयाची असेल, तर हिशेब दोन्ही टोकांचा व्हावयास नको काय?

प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे. सेबीने मे २०२१ मध्ये व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवालाचा नियम केला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना तो बंधनकारक झाला. पाऊल स्तुत्यच होते. २०२३ मध्ये पुरवठा साखळीही या हिशेबात आणण्याचे ठरले. मात्र २०२५ मध्ये सूत्र सैल झाले. पहिल्या अडीचशे कंपन्यांसाठी साखळीची माहिती ऐच्छिक ठरली आणि कंपनीच्या खरेदी-विक्रीत ज्याचा एकट्याचा वाटा किमान २ टक्के, तोच साखळीतील भागीदार मानला गेला. आता मानोरा किंवा रिसोड तालुक्यातील पाच एकरांच्या शेतकऱ्याचा एखाद्या बड्या कंपनीच्या खरेदीत २ टक्के वाटा कोणत्या जन्मी होणार? म्हणजे ज्याच्या घामावर कारखाना चालतो, तो हिशेबवहीबाहेर! मुख्यालयात वाचलेल्या कागदाच्या रिमांची नोंद होते. शेतातून वाहून गेलेल्या मातीची होत नाही.

तंत्रज्ञानाला हे अशक्य आहे, असा युक्तिवाद कोणी करू नये. युरोपीय संघाने २०२३ मध्ये जंगलतोडीविरुद्ध कायदा केला. त्यात सोयाबीन ज्या भूखंडावर पिकले त्याचे अक्षांश-रेखांश मागितले आहेत. त्याची अंमलबजावणी लांबणीवर पडत आली, हे खरे. पण शेतापर्यंत माग काढता येतो, हे त्यातून मान्य झालेच. परक्या ग्राहकाने मागितले तर शेत नकाशावर दिसू शकते. स्वदेशातील भागधारकाने मागितले तर मात्र दिसत नाही! प्रश्न तंत्राचा नसून इच्छेचा आहे.

आणि तो संगणक तरी कशावर चालतो? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरातील विदाकेंद्रांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट, म्हणजे एकूण विजेच्या सुमारे दीड टक्का वीज वापरली. महाराष्ट्राच्या विजेचा मोठा भाग चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस येथे कोळसा जळून निर्माण होतो. उजेड मुंबई-पुण्याच्या पडद्यावर, राख विदर्भाच्या पदरी! जुन्या यंत्रांचे काय होते तेही पाहा. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेला, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अहवाल सांगतो.

आमचा विरोध संगणकाला नाही. पावसाचा अंदाज, मातीची तपासणी, बाजारभाव हे सारे त्यामुळे शेतकऱ्याच्या हाती येऊ शकते. २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिकेत बारा घटकांची नोंद होते, त्यात सेंद्रिय कर्बही आहे. शेणखत आटले, पीकफेर चुकली की हा कर्ब घटतो, पाणी धरून ठेवण्याची जमिनीची शक्ती जाते आणि एका मुसळधार सरीत सुपीक थर ओढ्याला मिळतो. कंपनीच्या शाश्वततेचा खरा आकडा कोणता, असे विचारले तर आम्ही याच कर्बाकडे बोट दाखवू.

म्हणून आमच्या मागण्या तीन. पहिली, डिजिटल परिवर्तनाचा गौरव करणाऱ्या कंपनीने त्यासाठी खर्ची पडलेली वीज, पाणी आणि टाकून दिलेली यंत्रे यांचा हिशेब त्याच पानावर द्यावा. दुसरी, कृषिमालावर चालणाऱ्या उद्योगांसाठी २ टक्क्यांची चाळणी रद्द करावी. शेतकरी एकेकटा लहान असेल, पण गावे मिळून तोच मोठा पुरवठादार असतो. तिसरी, शेताची जी माहिती गोळा केली जाईल तिची प्रत मराठीत शेतकऱ्याला मिळावी आणि त्याच्या संमतीवाचून ती विकली जाऊ नये.

सरकारकडे बोट दाखवून आपली जबाबदारी संपत नाही. २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची तरतूद आली. शेतकरी स्वतःच कंपनीचा मालक होऊ शकतो. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी अशा कंपन्यांतून माती, पाणी व उत्पन्नाची नोंदवही शेतकऱ्यांच्याच मालकीची करावी. शहरातील वाचकांचे काय? आपल्यापैकी अनेकांची बचत म्युच्युअल फंडांच्या वाटेने याच उद्योगांत गुंतली आहे, अनेकांची मुले-मुली याच प्रणाली लिहीत आहेत. लाभांश घेताना एक प्रश्न विचारण्याचा अधिकार आपणास खचितच आहे : कागद किती वाचला ते कळले, माती किती वाचली, ते सांगा!